हंगामाची अखेर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. मी मॅट्रिक झालेला, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला सामान्य शिक्षक. या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे झालेली आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी योग्यता नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुतण्याच्या बोटीतून आठ महिने समुद्रावर हिंडलात, त्याविषयीच चार शब्द सांगा." तेव्हा मला वाटले, की एक गोष्ट सांगण्याजोगी आहे खरी. ती हिंडण्याविषयी नाही. हिंडणे थांबविण्याविषयी आहे. म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाल्यास आपण उदार मनाने पदरात घ्यावे.

आपली ज्ञाती मूळची किनाऱ्यावरची. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे तांडेल होते, खलाशी होते, कोणी मचव्यांचे मालक होते. आज आपली मुले मुंबई-पुण्याला कचेऱ्यांत आहेत, कित्येक परदेशी आहेत. समुद्राशी आपला संबंध आता सुट्टीत वाळूवर फेरफटका मारण्यापुरता राहिला आहे. माझा पुतण्या त्याला अपवाद ठरला. वीस वर्षे व्यापारी जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी करून तो घरी आला आणि साठविलेल्या पैशातून त्याने बत्तीस फूट लांबीची एक लाकडी नौका घेतली. नौका आपल्याच किनाऱ्यावरील सुतारांनी बांधलेली. पोटात डिझेल इंजिन, मध्यभागी लहानशी केबिन, तीत दोन बाके आणि एक शेगडी. नोंदणी, विमा, परवाने हे सर्व त्याने रीतसर केले. "मासेमारी करणार नाही, उतारूही भरणार नाही, हा किनारा एकदा डोळे भरून पाहणार," असे तो म्हणे. गावात लोकांनी पैशाचा चुराडा म्हणून नावे ठेविली. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे.

सन २०२२ च्या दसऱ्यानंतर आम्ही निघालो. नौकेवर तिघे जण. पुतण्या इंजिनाजवळ, सुकाणूवर आमच्या वाडीतील एक वृद्ध तांडेल, ज्यांना सारा गाव तांडेलमामा म्हणतो, आणि तिसरा मी. माझ्याकडे दोन कामे होती: चहा करणे आणि रोजनिशी लिहिणे. ती रोजनिशी आज माझ्यासमोर आहे. मधूनमधून सणावारासाठी व घरच्या कामांसाठी आम्ही परतलो, ते दिवस वजा जाता मी एकंदर एकशे बारा रात्री पाण्यावर झोपलो. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम विरोध केला, नंतर भाजणीचा डबा बांधून दिला. त्याला मी संमती समजलो.

आमचे घर वाघोटणच्या खाडीवर, विजयदुर्गाच्या अंगाला. तेथून मुंबई सुमारे दीडशे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकविले. पण तो मैल किती लांब असतो, हे ताशी सहा मैलांच्या नौकेत बसल्यावर प्रथम कळले. आम्हांला घाई नव्हती. जैतापूरची खाडी, पूर्णगड, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट, दिघी, रेवदंडा असे एकेक ठिकाण घेत आम्ही उत्तरेकडे गेलो. जेथे आवडले तेथे आठ-आठ दिवस राहिलो. शाळेच्या नकाशात कोकणातील नद्या म्हणजे बोटाएवढ्या निळ्या रेघा. शास्त्री, वासिष्ठी, सावित्री, कुंडलिका ही नावे मुलांकडून मी घोकून घेतली होती. त्या प्रत्येकीच्या मुखातून भरतीबरोबर आत शिरताना वाटे, की आपण इतकी वर्षे न पाहिलेल्या माणसांची ओळख करून देत होतो.

पुतण्याजवळ दिशा दाखविणारी, खोली मोजणारी अशी सर्व आधुनिक यंत्रे होती. तांडेलमामांजवळ तिथी होती. आपल्यातील वृद्धांना ठाऊक असलेला एक हिशेब त्यांनी मला पुन्हा शिकविला. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जे तास येतील, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार थोडा. छापील तक्त्याशी मी हा हिशेब अनेकदा ताडून पाहिला. काही मिनिटांचा फरक पडे, क्वचित अर्ध्या तासाचा. परंतु खाडीच्या मुखावरची वाळू ओलांडण्यास तेवढे ज्ञान पुरते. चौथीच्या वर्गाला पाऊणपटीची उदाहरणे घालताना हे मला कधीच सुचले नाही, याची खंत वाटली.

वाऱ्याचेही तसेच. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती असते. समुद्रावर ती आकृती रोज घडते. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, पाणी शांत असते. दुपारी खारा वारा सुटला, की लाटा अंगावर येऊ लागतात. म्हणून आम्ही तांबडे फुटण्यापूर्वी नांगर उचलीत असू आणि दुपारच्या आत एखाद्या खाडीचा आसरा घेत असू. आठ महिन्यांत हा नियम आम्ही तीनदा मोडला आणि तिन्ही वेळा पस्तावलो.

खांदेरीला गेलो, तेव्हा बेटावरील दीपगृह पाहिले. ते १८६७ सालचे. किल्ला त्याहून जुना, शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या डोळ्यांदेखत उभारलेला. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. वृत्तपत्रात ती बातमी वाचली, तेव्हा त्या प्रवासाची आठवण होऊन ऊर भरून आला. पण त्या भागातील दुसरी आठवण वेगळी आहे. मुंबईहून रेवसकडे जाताना तांडेलमामांनी इंजिन थांबवावयास लावले, टोपी काढली आणि पाण्यात एक फूल सोडले. १७ जुलै १९४७ रोजी याच वाटेवर 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आलेले होते. आषाढातील दिवस, वारा आणि लाटा. ज्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरील लहान गलबते वर ओढून झाकून ठेविलेली असतात, त्या दिवसांतील ही गोष्ट.

असो. माघानंतर आम्ही दक्षिणेकडे परत फिरलो. वैशाखात, म्हणजे मे महिन्याच्या १७ तारखेस, विजयदुर्गाच्या बंदरात नांगर टाकला. आता मी मूळ विषयाकडे येतो.

आपल्याकडे समुद्राचा हंगाम उघडण्याचा सण आहे. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो, गोडधोड करतो, मुलांना नवे कपडे घालतो. परंतु हंगाम मिटण्याचा सण नाही. आरंभाला वाजंत्री आहे, शेवटाला नाही. शेवट ज्याचा त्याने ओळखावयाचा असतो. कायद्याने काही तारखा घालून दिल्या आहेत. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत उतारूंची व पर्यटनाची जलवाहतूक बंद. त्या वर्षी यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद होती. परंतु या तारखा म्हणजे शेवटची हद्द. शहाण्याने हद्दीला टेकून उभे राहू नये.

हा विचार फार जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यासाठी आरमाराची छावणी कोठे करावी, याचाही विचार त्यात केला आहे. आमच्या घराजवळ गिर्ये येथे खडक कोरून केलेली मराठा आरमाराची जुनी गोदी आहे. ज्यांनी फिरंग्यांशी सामना दिला, त्यांनीही पावसाळ्याशी सामना देण्याचा हट्ट धरला नाही.

आता आमची अडचण ऐका. नौका किनाऱ्यावर ओढावयाची तर उधाणाची भरती हवी. भांगाच्या पाण्यात ती पुरेशी वर चढत नाही. वैशाखी अमावास्या १९ मे रोजी होती. म्हणजे त्यानंतरचे दोन-तीन दिवस ओढण्यास योग्य. ते चुकले तर पुढचे उधाण ज्येष्ठी पौर्णिमेचे, ४ जूनचे. तांडेलमामांचे म्हणणे, अमावास्येच्या उधाणात नौका वर घ्यावी. पुतण्याचे म्हणणे, पौर्णिमेपर्यंत थांबावे. त्याचे पुण्याचे काही मित्र मेच्या अखेरीस येणार होते. त्यांना त्याने सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत नेण्याचा शब्द दिला होता. चार दिवसांचा प्रश्न. आकाश निरभ्र, हवामानाचा अंदाज स्वच्छ. "काका," तो मला म्हणाला, "सव्वीस तारखेचा नियम उतारूंच्या बोटींना आहे. आपली नौका खाजगी आहे. आणि माझे इंजिन एकदाही बंद पडले नाही."

तांडेलमामांनी समुद्राकडे बोट दाखविले. वारा नव्हता, तरी नैर्ऋत्येकडून लांबच लांब, सावकाश लाटा येत होत्या. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळांच्या या लाटा वाऱ्यावाचून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. मामा एवढेच बोलले: "मास्तरांनु, दर्यो कोणाची वाट बघणा नाय." आणि विडी पेटवून बाजूस जाऊन बसले. नौका पुतण्याची होती. निर्णय त्याचा होता. मामांनी आपले काम केले होते.

आता बोलण्याची पाळी माझी होती. बंधू-भगिनींनो, ती पाळी खरे म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच आली होती.

माझे वडील बंधू, म्हणजे या पुतण्याचे वडील, तरुणपणी शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. सन १९७५ च्या मार्चमध्ये मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसलो. शिक्षक होण्यासाठी अध्यापक विद्यालयात जावयाचे, तर फी, पुस्तके, जेवणाखाणाचा खर्च. घरात पैसा नव्हता. मेच्या अखेरीस मचवा ओढून ठेवण्याचे ठरले होते. तोच एका व्यापाऱ्याने आंब्याची शेवटची खेप मुंबईला पोहोचविण्यासाठी दीडपट भाडे देऊ केले. दादा मला विचारावयास आले. होय, मला विचारावयास. "जाऊ का रे?" म्हणाले. मी त्यांना जा म्हटले. सतरा वर्षांचा होतो. मला फक्त फी दिसत होती.

जाताना खेप सुखरूप पोहोचली, भाडे मिळाले. परत येताना पूर्णगडच्या अलीकडे वारा फिरला. आसऱ्यासाठी ते खाडीच्या मुखात शिरू लागले आणि ओहोटीच्या पाण्यात मचवा वाळूवर बसला. लाटांनी त्याच्या फळ्या उखडल्या. चार जण पोहून काठाला लागले. पाचवा, आमच्याच वाडीतील बावीस वर्षांचा खलाशी, लागला नाही. त्याचे प्रेत तिसऱ्या दिवशी मिळाले.

दादांच्या कमरेच्या कसेत भाड्याचे पैसे भिजलेले होते. ते त्यांनी उन्हात वाळविले आणि त्यातून माझी फी भरली. उरलेले त्या खलाशाच्या आईकडे नेऊन दिले. त्यानंतर दादांनी सुकाणूला हात लावला नाही. कलमांची राखण केली, मजुरी केली; आणि दर वर्षी भात झोडले, की त्या घरी एक पोते तांदूळ पोहोचविला. याविषयी आमच्या घरात कोणीही कधी बोलले नाही. मी अडतीस वर्षे मुलांना सत्य बोलावे म्हणून शिकविले. परंतु ज्या पैशावर मी शिक्षक झालो, त्याची हकीकत मी माझ्या पुतण्याला सांगितली नव्हती. दादा गेले, तेव्हाही सांगितली नाही. त्याला एवढेच ठाऊक होते, की आपले वडील समुद्राला पाठ करून बसत. तो समजत असे, की ते भित्रे होते.

१८ मेच्या रात्री, केबिनमध्ये कंदील मध्ये ठेवून, मी त्याला हे सर्व सांगितले. बोलताना माझा स्वर स्थिर राहिला नाही. तो काही बोलला नाही. उठून बाहेर गेला आणि बराच वेळ नाळेवर बसून राहिला. मध्यरात्री आत आला आणि म्हणाला, "काका, बाबांनी मला होडीत बसू दिले नाही, म्हणून मी जहाजावर गेलो. हे मला आधी सांगावयाचे." मी म्हटले, "चुकले." याहून अधिक बोलणे आमच्यात झाले नाही. पहाटे त्याने मित्रांना निरोप धाडला आणि तांडेलमामांना विचारले, "मामा, माणसे किती लागतील?"

२१ मे, रविवार, ज्येष्ठ शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास पाणी पूर्ण चढले. सकाळपासून आम्ही माडाचे ओंडके आडवे टाकून वाट तयार केली होती. वाडीतील सव्वीस माणसे जमली. त्यांत बँकेत नोकरी करणारे होते, सुट्टीवर आलेली कॉलेजची मुले होती. दोर लागले, आरोळी उठली आणि तासाभरात नौका भरतीच्या रेषेच्या वर, माडांच्या सावलीत आली. सर्वांना चहा व पोहे दिले. तोच आमचा हंगाम मिटण्याचा सण.

त्यानंतरचे आठ दिवस मी विद्यार्थी होतो. नौका वर ओढली म्हणजे काम संपले, असा माझा समज होता. खरे काम तेथून सुरू होते. तळाला शेवाळ व शिंपल्यांचा थर बसलेला असतो. तो ओला आहे तोवर खरवडावा. वाळला, की दगड होतो. मग गोड्या पाण्याने सर्व अंग धुवावे, कारण मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि लाकूड-लोखंड दोहोंना वाळू देत नाही. फळ्यांचे सांधे तपासून, जेथे सुटले असतील तेथे कापसाचे पीळ ठासून बुजवावे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याची बारीक छिद्रे सुईने टोचून शोधावी. तळाशी असलेले बूच काढून ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही. आणि ते बूच सुकाणूच्या दांड्यालाच बांधावे, म्हणजे पुढल्या हंगामात ते लावल्यावाचून कोणी नौका लोटणार नाही.

इंजिनाचे शास्त्र पुतण्याने समजाविले. जुन्या तेलात आम्ल तयार झालेले असते, म्हणून ते बदलूनच इंजिन झोपवावे. थंड करणारे खारे पाणी काढून गोडे पाणी फिरवावे. डिझेलची टाकी रिकामी न ठेवता भरून ठेवावी, कारण रिकाम्या जागेतील हवेची वाफ थंडाव्याने पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. बॅटऱ्या घरी न्याव्या. धूर जाण्याच्या नळीला चिंधीचा बोळा बसवावा, नाही तर उंदीर संसार थाटतात. शेवटी सर्वांवर माडाच्या झापांचा मांडव घालावा. पण दोन्ही तोंडे उघडी ठेवावी, कारण कोंडलेली ओल पावसाहून वाईट.

एका गोष्टीने मला विशेष विचारात पाडले. नौकेच्या पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा बसविलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले, की त्यांतील एक झिजतो. जस्त आधी झिजते. म्हणून पंखा वाचतो. आठ महिन्यांत तो ठोकळा अर्ध्याहून कमी राहिला होता, खडबडीत आणि कुरूप झाला होता. पंखा मात्र जसाच्या तसा. पुतण्याने जुना ठोकळा काढून नवा बसविला आणि जुना फेकून देऊ लागला. मी तो मागून घेतला. माझ्या टेबलावर आहे. दादांची आठवण म्हणून ठेविला आहे.

आता आपण विचाराल, पुढे काय झाले? ६ जून २०२३ रोजी अरबी समुद्रात 'बिपरजॉय' चक्रीवादळ उठले. नऊ-दहा दिवस ते समुद्रावर घोंगावत होते आणि १५ जूनला कच्छच्या बाजूस, जखाऊजवळ, जमिनीवर आले. आपल्या किनाऱ्यावर ते आले नाही, पण त्याच्या लाटा आल्या. आमच्या ओंडक्यांपैकी खालचे तीन वाहून गेले. नौकेला धक्का लागला नाही. प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर ४ जूनच्या उधाणात ओढली असती, तरी कदाचित निभावले असते. तांडेलमामा भविष्यवेत्ते नव्हते आणि मीही त्यांना तसे म्हणत नाही. परंतु एखादा दिवस पुढे-मागे झाला असता, माणसे वेळेवर मिळाली नसती, इंजिन रुसले असते, तर? 'निभावले असते' या दोन शब्दांवर आमच्या वाडीतील एका घराने एक मुलगा गमावला होता.

आणि तारखेचा भरवसा किती धरावा, हे २०२५ साली सर्वांनी पाहिले. त्या वर्षी पावसाळा २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. १९५० पासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. ज्या दिवशी कायद्याने वाहतूक बंद व्हावयाची, त्या दिवशी पावसाळा दारात उभा होता. आमची नौका तेव्हा झापांखाली होती. पुतण्या आता दर वर्षी वैशाखातच ती वर घेतो. मामा आता थकले आहेत. खुर्ची टाकून काठावर बसतात आणि दोर कोणी कोठे धरावा, हे काठीने दाखवितात.

एक शेवटची गोष्ट सांगून आटोपते घेतो. नौका झाकून झाल्यावर मी आणि पुतण्या त्या खलाशाच्या घरी गेलो. त्याची आई कधीच वारली होती. धाकटा भाऊ आहे, माझ्याच वयाचा. नारळ आणि पेढे पुढे ठेवून मी सांगावयास सुरुवात केली, की १९७५ साली ती खेप माझ्या फीसाठी झाली होती, आणि मीच दादांना जा म्हटले होते. त्याने मला मध्येच थांबविले. म्हणाला, "गुरुजी, आम्हांला ठाऊक आहे. तुमच्या दादांनी आईला त्याच आठवड्यात सगळे सांगितले होते. आई म्हणाली होती, पोराला शिकू दे, नाही तर माझा मुलगा फुकट गेला." मग त्याने माझ्या पुतण्याला तुळशीपाशी नेले. त्या अंगणात दादा तांदळाचे पोते टेकवीत असत.

अठ्ठेचाळीस वर्षे मी जे झाकून ठेविले होते, ते त्या घराला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आमच्याच मुलाला.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, मी कोणाला उपदेश करण्यास पात्र नाही. पण एक विनंती करतो. केव्हा निघावे, हे आपली मुले जगाकडून शिकतात. त्यात ती आपल्यापेक्षा हुशार आहेत. केव्हा थांबावे, हे त्यांना घरच्या माणसांनीच सांगावे लागते. आणि ते नियम म्हणून सांगून भागत नाही. तो नियम कोणाच्या जिवावर शिकलो, तेही सांगावे लागते. आपल्या घराघरांतून असे वृद्ध अजून आहेत, ज्यांना तिथीवरून भरती सांगता येते, खाडीच्या मुखाची वाळू ठाऊक आहे, कोणत्या वर्षी कोण परतला नाही हे आठवते. त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे. मंडळाच्या पुढील स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावी, अशी माझी चिटणिसांना सूचना आहे. लिहून घेण्यास मनुष्यबळ कमी पडल्यास हा निवृत्त मास्तर वही-पेन घेऊन प्रत्येकाच्या दारी येईल.

येथेच नांगर टाकतो.